पाळणाघरातले जिवाणू

रोपवाल्यांची ढोबळी मिरचीची रोपं पुन्हा माना टाकू लागली, तेव्हा बायकोने निर्वाणीचं बजावलं, "याही वेळी मुळं कुजली ना, तर रोपवाटिका बंद! गपचूप माझ्या पाळणाघरात मदतीला यायचं."

रोपवाल्यांच्या अंगावर काटा आला. घराच्या पुढच्या खोलीत दिवसभर पोरं एका सुरात भोकाड पसरत. मुक्या रोपांत रमलेल्या माणसाला ही तर जन्मठेपच होती. ते तडक शेतकी प्रयोगशाळेत गेले.

तिथल्या ताईंनी काचेची एक बाटली दिली. "यात जिवंत जिवाणू आहेत, पण आपल्या बाजूचे. मुळं कुजवणाऱ्या बुरशीला ते जवळ फिरकू देत नाहीत. थंड जागी ठेवा, सकाळी पाण्यात मिसळून मुळाशी ओता."

घरातली थंड जागा म्हणजे फ्रिज. रोपवाल्यांनी बाटली तिथे ठेवली, सकाळी प्रत्येक रोपाला चुचकारत ते पाणी पाजलं आणि शीळ घालत घरी आले.

"झालं काम! फ्रिजमधलं औषध पाजलं सगळ्यांना."

"ती बाटली होय?" बायको म्हणाली. "काळजी नको, मी काल उकळून ठेवली होती."

"काय केलंस?"

"उकळली! वर 'जिवंत जिवाणू' लिहिलेलं, नि शेजारी लेकरांचं दूध! तुमची वस्तू टाकवेना, म्हणून दुधाच्या बाटल्यांबरोबर पातेल्यात घातली. चांगली खळखळ उकळली नि ठेवली परत."

रोपवाले कळवळले. "अगं, ते रोपांना वाचवणारे होते! काढा केलास त्यांचा!"

"मग सांगायचं नाही का? मला काय स्वप्न पडतं?"

तेवढ्यात पुढच्या खोलीत एकाने सूर लावला, बाकीच्यांनी उचलून धरला. बायको तिकडे धावली आणि रोपवाल्यांनी अंगणात जाऊन फोन लावला.

"ताई, घात झाला! जिवाणू उकळले!"

"किती वेळ?"

"दुधाच्या बाटल्या उकळतात तेवढा."

ताई हसल्या. "मग काही होत नाही. बाटलीत ते आधीच कडक कवच करून आत झोपलेले असतात. साध्या उकळण्याला दाद देत नाहीत. जरा धीर धरा."

धीर कुठला धरवतो! रोपवाले ऊठसूट एखादं रोप उपटून मुळं बघायचे. दोनचार रोपं तर त्या काळजीनेच दगावली. अखेर एका सकाळी मातीतून पांढरीशुभ्र, केसाळ, ताजी मुळं वर आली. रोपवाल्यांचे डोळेच भरून आले. हातात रोप, पायाला चिखल, तसेच ते घरात धावले.

"वाचलो गं! बघ, मेले नाहीत ते! एवढे उकळूनही मेले नाहीत!"

बायकोने आधी रोपाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या हातांकडे, मग पायांकडे.

"म्हणजे उकळूनही मरत नाहीत?"

"छे! मुळीच नाही!" रोपवाले आनंदाने ओरडले.

तेव्हापासून त्यांना अंगणातच आंघोळ करून घरात यावं लागतं. ते कुरकुरत नाहीत. रोपवाटिका शाबूत आहे, पाळणाघर टळलं, आणखी काय हवं? पाणी मात्र बायको स्वतः काढून देते, आणि ते चांगलं कडकडीत असतं.