मधल्या खुर्चीत बँकेचे साहेब

"सूनबाई, गाड्या घेशील तर एकाच बनावटीच्या घे. दोन बनावटी म्हणजे दोन संसार."

सासऱ्यांचं हे सांगणं वहिनींच्या कानात अजून ताजं होतं. घरच्या धंद्यातल्या साऱ्या बसगाड्या एकाच बनावटीच्या होत्या. कुठलाही मेकॅनिक कुठल्याही गाडीखाली डोळे मिटून शिरत असे. आता त्याच घरातून स्वस्त तिकिटांची विमानकंपनी निघत होती. कंपनी भाऊजींची, म्हणजे वहिनींच्या धाकट्या दिरांची; विमानं निवडायचं काम वहिनींचं.

भाऊजींचा जीव जडला होता मोठ्या जेटवर. एका ओळीत तीन आणि तीन खुर्च्या, मधे वाट. वहिनींना पंख्यांचं लहान विमान हवं होतं, दोन आणि दोन खुर्च्यांचं. आडगावच्या आखूड धावपट्टीवर तेच उतरलं असतं. बँक एकाच जातीच्या विमानांना कर्ज देणार होती, आणि सही झाली की मग माघार नव्हती. चुकलं तर कंपनी उडायच्या आधीच बसणार.

"उभं विमान म्हणजे नुसता खर्च, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "पटकन भरलं पाहिजे, पटकन रिकामं झालं पाहिजे. तरच तिकीट स्वस्त."

"मग करूनच बघू. जे लवकर भरेल आणि रिकामं होईल, ते घ्यायचं. हरेल ते विमान विकणाऱ्यांना 'नाही' सांगायला मी स्वतः जाईन. शब्द."

वहिनींना त्यांचं कौतुकच वाटलं. दारावर आलेल्या विक्रेत्यालाही भाऊजींनी कधी नाही म्हटलं नव्हतं. घरात झाडू ठेवायला कोपरा उरला नव्हता.

बसच्या गॅरेजात खडूनं दोन विमानं आखली, आत खुर्च्या मांडल्या. नोकरभरती अजून व्हायची होती, तेव्हा प्रवासी म्हणून नातेवाईक बोलावले. घोळ झाला तो इथे.

आधी जेट. आत्या खिडकीशी बसल्या, कारण त्यांना बाहेर बघायला लागतं. बाहेर गॅरेजची भिंत होती. त्याच ओळीत काका वाटेकडेच्या खुर्चीवर पाय पसरून बसले. मधे कोणी बसेना. साऱ्या जेटभर तीच गत.

"मधे बसायला मी काय धाकटा आहे?" एक पाहुणे म्हणाले.

"त्या दोघांच्या मधे?" दुसरे कुजबुजले. "त्यांचं बोलणं बंद आहे. शिवणयंत्रावरून."

बघायला आलेले बँकेचे साहेब भले गृहस्थ. खोळंबा नको म्हणून ते स्वतःच आत्या आणि काकांच्या मधे जाऊन बसले.

"साहेब, माझ्या भावाला विचारा," आत्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माझं मशीन नेलंस, ते परत कधी देणार?"

"साहेब, तिला सांगा, न्यायला येतेस कुठे? माळ्यावर आहे. दर महिन्याला तेल घालतोय."

साहेबांनी निरोप इकडून तिकडे पोचवले. मग आत्यांना रडू आलं, साहेबांनी रुमाल दिला.

"आता उतरा हं सगळे," भाऊजी म्हणाले.

बाकीचे उतरले आणि लहान विमानात शिरले. तिथे मधली खुर्चीच नव्हती, म्हणून मानापमानही नव्हता. ते भरलं, रिकामं झालं, पुन्हा भरलं. जेटमधले तिघे मात्र हलेनात.

"साहेब, उतरताय ना?" वहिनींनी हळूच विचारलं.

"लहान विमान घ्या, वहिनी. मी सही करतो. पण आधी मशीन कोणी कुणाच्या घरी पोचवायचं ते ठरू दे."

भाऊजी जेटच्या खडूच्या रेघेकडे बघत उभे होते. मग मान हलवून म्हणाले, "वहिनी, तुमचंच बरोबर होतं."

"जेटवाले ऑफिसात वाट बघताहेत. मी येऊ बरोबर?"

"नको. तुम्ही इथलं बघा."

ऑफिसच्या दारापाशी भाऊजी थांबले, कॉलर नीट केली, ओठांतल्या ओठांत दोनदा 'नाही' म्हणून पाहिलं, आणि दार लोटलं.