एकाहत्तर नंबरने गेला

नोटबुर्गाबाईंनी चौथ्यांदा बेल दाबली, तेव्हा भावाच्या दाराऐवजी शेजारचं दार उघडलं. आधी उकडलेल्या कोबीचा वास बाहेर आला आणि त्यामागून एप्रनला हात पुसत एक बाई आल्या. दारावरच्या पाटीप्रमाणे त्या नावरातिलबाई होत्या.

"कासिआन हुप्फाउफ इथंच राहतो ना?" नोटबुर्गाबाईंनी विचारलं. "मी त्याची बहीण. टिरोलच्या डोंगरातून आलेय."

"बहीण? अगोबाई! पण ते तर गेले ना!"

"गेला? कुठं?"

"एकाहत्तर नंबरने गेले. झाला की बराच वेळ."

"मग मी त्याला गाठू कुठं?"

"तुम्हीही एकाहत्तरच धरा. दुसऱ्या फाटकाशी उतरा. आत सरळ गेलं की मोठा हिरवा घुमट दिसेल, त्याच्या डावीकडे तिसरी ओळ. फार छान जागा मिळालीय त्यांना. फुलं आहेत, बाक आहे, शेजारी तर इतके शांत..." एवढ्यात आत काहीतरी उतू गेलं आणि नावरातिलबाई दार लावून पळाल्या.

पेन्शनीत निघालेल्या व्हिएन्नाकरांना शहराबाहेर बागेचा तुकडा घ्यायची हौस असते, हे नोटबुर्गाबाईंनी ऐकलं होतं. कासिआनने तसाच तुकडा घेतला असणार. आपल्याला एका शब्दाने कळवलं नाही म्हणून त्यांना रागच आला. मग आठवलं, बावीस वर्षांत दोघांनी एकमेकांना काहीच कळवलेलं नव्हतं.

भांडण आईच्या तेराव्या... नव्हे, आईला पुरून आल्यावर सूप पिताना झालं होतं. वडिलांच्या म्होरक्या गाईची पितळी घंटा खुंटीवरून नाहीशी झाली होती. "हा व्हिएन्नाला घेऊन चाललाय!" असं नोटबुर्गाबाईंनी सगळ्या खोऱ्याला सांगितलं, आणि भाऊ नाही-नाही म्हणत असताना वर म्हणाल्या, "आता तू मेल्याशिवाय तुझं तोंड बघणार नाही!"

ती घंटा आत्ता त्यांच्या पिशवीत होती. बावीस वर्षं ती त्यांच्याच पेटीत, लोकरी मोज्यात गुंडाळलेली होती. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावली आणि जरा जास्तच वेळ गप्प राहिले. तेव्हाच बाईंनी ठरवलं, की भावाच्या समोर उभं राहून एक वाक्य बोलायचं. गाडीत सगळा रस्ता त्या ते घोकत आल्या होत्या आणि दर वेळी "मीच" या शब्दाशी अडकत होत्या.

एकाहत्तर नंबरची ट्राम धुक्यातून आवाजही न करता आली. आत बसलेल्या प्रत्येकाच्या मांडीवर फुलं होती. कोणी बोलत नव्हतं. वळणावर बाईंच्या पिशवीतला मोजा घसरला आणि घंटा वाजली. टण्ण! सगळ्यांनी माना वळवल्या आणि पुन्हा खाली घातल्या.

शेजारी हॅट घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचा मफलर गळ्यात नुसता लोंबत होता.

"कोणाकडे निघालात, बाईसाहेब?" त्यांनी हळूच विचारलं.

"भावाकडे." डोंगरातल्या सवयीप्रमाणे बाई सगळ्यांनाच अरे-तुरे करत. "तुला सांगते, बावीस वर्षांनी निघालेय. आणि घरी पोचते तो काय, हा एकाहत्तर नंबरने गेलेला!"

गृहस्थांनी हॅट काढून छातीशी धरली. "अरेरे. कधी?"

"बराच वेळ झाला म्हणे."

"आजारी होते?"

"छे! आजारी कसला? तब्येत घोड्यासारखी त्याची."

"म्हणजे अचानक. सुखाने गेले म्हणायचं. जागा कशी मिळालीय?"

"छान आहे म्हणतात. फुलं, बाक आणि शेजारी अगदी शांत."

"शांत असणारच," गृहस्थ म्हणाले. "माझी हर्मिने सात वर्षांपूर्वी गेली, याच गाडीने. जाताना बघतो सगळ्यांना. पण परत येताना कोणी दिसलं नाही हो अजून."

बाईंच्या मानेवर गार काहीतरी सरकलं. खिडकीबाहेर धुक्यात दुकानामागून दुकान जात होतं आणि प्रत्येकासमोर गुळगुळीत काळे दगड रांगेत उभे होते. त्यांच्यावर अजून नावं नव्हती.

"ही गाडी जाते तरी कुठं?"

गृहस्थांनी त्यांच्याकडे फार मायेने पाहिलं. "तुम्ही बाहेरगावच्या, नाही का? आमच्याकडे 'एकाहत्तर नंबरने गेला' म्हणजे... गेला, बाईसाहेब."

तेवढ्यात वरून आवाज आला, "केंद्रीय दफनभूमी. दुसरं फाटक."

नोटबुर्गाबाई उतरल्या. फाटकाशी त्यांनी शेवंतीची कुंडी घेतली. आत झाडं, धुकं आणि दगड. हिरवा घुमट अर्धाच दिसत होता. एका कबरीवर हरीण उभं राहून कोणाचा तरी पुष्पहार चघळत होतं. त्याने बाईंकडे पाहिलं आणि चघळणं चालूच ठेवलं. डावीकडे तिसऱ्या ओळीत एक बाक होता, आणि त्याच्यासमोर दगडावर सोनेरी अक्षरात लिहिलं होतं: कासिआन हुप्फाउफ, १९५१ –

पुढचं त्यांना वाचवेना. चष्म्यावर धुकं होतं आणि चष्म्याच्या आत पाणी.

त्या मटकन खाली बसल्या. घंटा काढून दगडाशी ठेवली, आणि जे वाक्य इतक्या वेळा अडकलं होतं, ते सरळ बाहेर आलं. "मीच लपवली होती रे. तू आईच्या मरणालासुद्धा उशिरा आलास, म्हणून तुला अद्दल घडवायची होती मला. मग सांगायची लाज वाटली. मग वर्षं गेली. मी चुकले रे, कासिआन. फार चुकले."

"मला तेव्हाच वाटलं होतं," कबर म्हणाली.

बाईंनी किंकाळी फोडली. हरीण पळालं. दगडामागून गुडघ्यांना चिखल लागलेला, हातात खुरपं घेतलेला कासिआन उठून उभा राहिला.

"तू... तू तर गेलास!"

"गेलो होतो. म्हणजे आलो. दर मंगळवारी येतो मी गवत काढायला."

"आणि हे नाव?"

"चष्मा पूस आधी. पुढे आकडा आहे का? जागा आत्ताच घेऊन ठेवलीय. इथं सगळेच घेतात." तो जरा थांबला. "तू म्हणाली होतीस ना, मेल्याशिवाय तोंड बघणार नाही. म्हटलं, दगड तयार ठेवावा. तेवढ्याने तरी येशील."

नोटबुर्गाबाई उठल्या. रडायचं की भावाला कुंडी फेकून मारायची, ते त्यांना ठरवता येईना. "तू जिवंत आहेस हे माहीत असतं, तर मी एक अक्षर बोलले नसते!"

"ते माहीत आहे मला. म्हणून तर दगडामागे गप्प बसलो." कासिआनने घंटा उचलली, बाहीने पुसली आणि कानाशी धरून एकदा हलवली. बाईंनी त्याच्या कोटावरची माती झटकली, गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात.

परतीची एकाहत्तर जवळजवळ रिकामी होती. एका कोपऱ्यात हॅटवाले गृहस्थ बसले होते, मांडीवरची फुलं आता नव्हती. दोघं चढली.

"हा बघ माझा भाऊ," नोटबुर्गाबाई म्हणाल्या. "याच्याबद्दलच बोलत होते ना मी?"

गृहस्थांनी कासिआनच्या गुडघ्यांवरची ओली माती पाहिली. त्याच्या नखांतली माती पाहिली. कासिआनच्या हातातली घंटा आपोआप वाजली. गृहस्थांचा चेहरा पांढरा पडला, पण ते जागचे हलले नाहीत. पुढे वाकून त्यांनी अगदी हळू विचारलं, "माफ करा... पण तिकडं तुम्हाला माझी हर्मिने भेटली का हो?"

कासिआनने गोंधळून बहिणीकडे पाहिलं. बावीस वर्षं घंटेबद्दल खोटं बोललेल्या बाईला आणखी एक खोटं जड नव्हतं.

"भेटली ना," नोटबुर्गाबाई म्हणाल्या. "मफलर नीट गुंडाळ म्हणालीय."

गृहस्थांनी मान हलवली, आणि निमूटपणे मफलर गळ्याभोवती दोनदा गुंडाळला.