चोवीस हप्त्यांचं मरण

विक्रेतीने तिसऱ्यांदा प्राध्यापकांचा पॅन नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सर, तुम्ही वारला आहात."

प्राध्यापकांनी मागे वळून पाहिलं. मागे फक्त बायको होती आणि तिचं सगळं लक्ष वॉशिंग मशीनवर होतं.

"वारलो? कधी?"

"मार्चमध्ये. तुमच्याच नावाचे कुणी गेले असतील. तुमची कर्जाची नोंद कोरी होती, त्यांचं मरण तिथे चिकटलं."

नोंद कोरी असणारच. तीस वर्षं त्यांनी पतपुरवठा शिकवला. बँक कर्ज देते तेव्हाच नवा पैसा जन्माला येतो, हे ते इतक्या तळमळीने सांगत की मागच्या बाकावरचेही जागे होत. स्वतः मात्र दमडीचं कर्ज काढलं नव्हतं. आज दुकानात आले तेही सवलत फक्त हप्त्यांवर होती म्हणून.

"अहो, मी समोर उभा आहे ना!"

"मला दिसताय सर. कर्ज देणाऱ्या कंपनीला दिसत नाही."

त्यांनी तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईने सगळं ऐकून घेतलं. "आपण मयताचे कोण?"

"मीच तो!"

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. मग "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," आणि फोन बंद.

एवढ्यात विक्रेतीचा चेहरा खुलला. "काकूंच्या नावावर लगेच मंजूर होतंय! मयताची पत्नी म्हणून व्याजही माफ."

काकूंचा अंगठा यंत्रावर टेकलासुद्धा.

"अगं, मी जिवंत आहे!"

"ते घरी गेल्यावर बघू."

दुपारी दोन हमाल मशीन घेऊन आले. "हात लावायला घरात पुरुषमाणूस कोणी?"

प्राध्यापक पुढे सरसावले. बायको म्हणाली, "कोणी नाही हो."

हमालांनी मान डोलावली. दोघांनी मशीन थेट प्राध्यापकांच्या अंगावर आणलं. ते भिंतीला चिकटले म्हणून वाचले. जाताना एकाने हातातली दोरी त्यांच्या खांद्यावर अडकवली, खुंटीला अडकवावी तशी.

"अगं, त्यांना मी दिसलोच नाही!" खांद्यावरची दोरी काढत ते म्हणाले.

"चोवीस महिन्यांचा तर प्रश्न आहे. तोवर जरा गप्प राहा," ती म्हणाली आणि दारात आलेल्या शेजारणीकडे गेली.

"नवं मशीन? बाई गं, एकटीने कसं जमवलंस?"

"ह्यांचीच पुण्याई. जाता जाता माझी सोय करून गेले. कधी शब्दाने दुखावलं नाही हो मला."

आतल्या खोलीत प्राध्यापकांनी डोळे पुसत मान डोलावली. माणूस खरंच चांगला होता.