चार हेडफोन आणि एक होकार

घरात जरा शांतता असावी, एवढंच रत्नपाल पाईकरावनं ठरवलं होतं. माणूस सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक, वय पन्नाशीला टेकलेलं. यापेक्षा मोठं काही ठरवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. (बदली कुठं, बढती कधी आणि आज भाजी कुठली, या गोष्टी इतर लोक ठरवत असत.)

हिंगोलीतलं त्याचं घर तीन खोल्यांचं आणि त्यात आवाज चार. आई पद्माबाई पुढच्या खोलीत फोनवर सिरीयल बघायची. कान जरा जड, त्यामुळे सिरीयलमधली सासू रडायला लागली की गल्लीतली कुत्री उठून बसायची. बायको शीतल जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची ऑनलाइन प्रशिक्षणं शाळा सुटल्यावर सुरू व्हायची आणि संपायची मात्र नाहीत. मुलगी ऐश्वर्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची. तिचा फोनमधला मास्तर एकेक मुद्दा तीनदा सांगायचा, तिन्ही वेळा ओरडून.

राहिला रत्नपाल. त्याला बोअर मारण्याचे व्हिडिओ बघायचा नाद होता. कुणाच्या तरी शेतात मशीन उभी राहते, पांढरी धूळ उडते, मालक डोक्याला हात लावून बांधावर बसतो आणि पाणी लागतं किंवा लागत नाही. गोष्ट एवढीच. पण रत्नपालचा जीव त्यात असा अडकायचा की जणू ते शेत त्याचंच. (त्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती.)

एका संध्याकाळी असाच एक बोअर अगदी रंगात आला होता. धूळ ओली व्हायला लागली होती, मालक उठून उभा राहिला होता, आणि नेमकं तेव्हाच आईच्या सिरीयलमध्ये कुणीतरी मेलं. त्या रडारडीत मास्तरचं ओरडणं मिसळलं, त्यात प्रशिक्षणातले साहेब मिसळले, आणि पाणी लागल्याचा आवाज रत्नपालला ऐकूच आला नाही. त्यानं चपला घातल्या आणि तडक बाजारात पुनमचंदचं मोबाईलचं दुकान गाठलं.

"साहेब, हे घेऊन जा," पुनमचंद म्हणाला. "कानाला लावा आन् बाजूला खराखुरा बोअर मारू द्या. तुमाला पत्ता लागणार न्हाई."

रत्नपालनं चार नग घेतले. तीन गळ्यात अडकवायचे, आणि आईसाठी एक मोठा, कानावर वाट्या बसवल्यासारखा.

घर एकदम गप्प झालं. चार माणसं चार कोपऱ्यांत बसून आपापल्या फोनमध्ये सुखानं नांदू लागली. पद्माबाईला तर एवढं स्वच्छ ऐकू यायला लागलं की सिरीयलमधली कोण कशासाठी रडते हे तिला पहिल्यांदाच कळलं. शेजारी विचारायला लागले, "सगळे गावाला गेले होते का?" रत्नपाल कचेरीत सांगत सुटला, "घरोघरी हेडफोन पाहिजेत. अर्धी भांडणं कमी होतील."

त्यात खोटं काही नव्हतं. फक्त कुणी समोर येऊन काही बोललं तर काय करायचं, हा एक प्रश्न होता. रत्नपालनं तोही सोडवला. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की मान डोलवायची आणि म्हणायचं, "बराबर हाय." दहातल्या नऊ वेळा हे उत्तर चालून जायचं. दहाव्या वेळी तो कचेरीतून घरी आला तर पुढची भिंत गुलाबी झाली होती.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"तुमालाच विचारून केलं," शीतल म्हणाली. "बराबर हाय म्हणले ना तुमी?"

म्हटलं असेल बुवा, असं म्हणून त्यानं गुलाबी भिंतीकडे पाठ केली आणि हेडफोन कानात घातला.

मग तो रविवार आला. सकाळी रत्नपाल एका अवघड बोअरमध्ये होता. आई समोर येऊन उभी राहिली, तिचे ओठ बराच वेळ हलले, तिनं हातानं काहीतरी उचलल्यासारखं केलं. रत्नपाल म्हणाला, "बराबर हाय." आई गेली. त्यानंतर चांगला दोन बोअरचा वेळ गेला. जेवायची ताटं घेताना शीतलनं बाहेर डोकावून विचारलं, "आत्याबाई कुठं गेल्या?" सासूला ती आत्याबाई म्हणे.

"सांगून गेली ती मला," रत्नपाल म्हणाला.

"मग कुठं गेल्या?"

"तेच सांगितलं तिनं. मी ऐकलं न्हाई."

शीतलनं हातातलं ताट खाली ठेवलं. पण तिलाही फार बोलता येईना, कारण आत्याबाई तिच्याही समोर येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या वेळी प्रशिक्षण चालू, कॅमेरा चालू, साहेब बोलत होते. तिनं हातानं 'हो हो, या' अशी खूण केली होती. ऐश्वर्याला विचारलं तर तिनं आजीला अंगठा दाखवला होता. म्हणजे पद्माबाईनं घरातल्या तिघांचीही रीतसर परवानगी घेतली होती, आणि कशाची ते एकालाही माहीत नव्हतं.

घरात नाही, गच्चीवर नाही, शेजारी नाही. शीतल गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. ताटातली भाकरी गार झाली.

"पप्पा, आजीचे ओठ कसे हलले ते आठवा," ऐश्वर्या म्हणाली. "पहिलं अक्षर सापडलं तरी पुरं."

रत्नपाल आरशासमोर उभा राहिला आणि आईसारखं तोंड करून बघू लागला. "आदी ओठ मिटले. म्हंजी प, न्हाईतर म."

"पुसेगाव," शीतल म्हणाली.

पुसेगावला पद्माबाईचा धाकटा भाऊ, उत्तमराव. सगळ्यांना हायसं वाटलं. रत्नपालनं आधी आईला फोन लावला. दोनदा वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा तर वाजायच्या आधीच कट.

"आईला फोन कट करता येत न्हाई," रत्नपाल म्हणाला आणि त्याचा आवाज उतरला. "ती तर उचलायला बी तिघांना विचारते."

"फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात हाय," ऐश्वर्या हळूच म्हणाली.

मग कुणालाच जेवण सुचलं नाही. रत्नपालनं उत्तममामाला फोन केला. मामा म्हणाला, "ताई? ताई इकडं आलीच न्हाई. थांब, मी स्टॉपवर जाऊन बघतो. तू फोन ठेवू नको." आणि मामानं चालू फोन तसाच खिशात टाकला. रत्नपालच्या कानात आता पुसेगाव वाजू लागलं. मामाची मोटरसायकल, मामाला रामराम घालणारे लोक, एक पोरगं रडतंय, एक माणूस पाईपाची चौकशी करतोय. पण आईचा पत्ता नव्हता. शीतल रेल्वे स्टेशनकडे निघाली, ऐश्वर्या घरी थांबली आणि रत्नपाल स्कूटी काढून बसस्टँडवर आला. हेडफोन कानात तसाच, कारण मामानं फोन ठेवू नको म्हटलं होतं.

स्टँडवर रविवारची गर्दी होती. लाऊडस्पीकरवर कसली तरी सूचना चालू होती, पण रत्नपालच्या कानात पुसेगाव असल्यामुळे हिंगोलीत काय चाललंय ते त्याला कळायला मार्ग नव्हता. त्यानं एक-एक बाक बघितला. लागलेल्या गाड्यांत चढून उतरला. शेवटी हेडफोनची एका कानातली बोंडी काढून त्यानं संत्री विकणाऱ्या बाईला विचारलं, "मावशी, एक म्हातारी बाई बघितली का? एकलीच असंल."

"साडी कोणती?"

रत्नपाल आठवू लागला. सकाळी आई हातभर अंतरावर उभी होती. बराच वेळ उभी होती. साडी हिरवी होती की जांभळी, पायात चपला होत्या की नव्हत्या, काही म्हणजे काही त्याला आठवेना. त्या बोअरला पाणी किती फुटांवर लागलं ते मात्र पाठ होतं.

"फोटो तरी असंल की फोनमदी," बाई म्हणाली.

त्यानं फोटो उघडले. मशीन, धूळ, मशीन, गुलाबी भिंत, मशीन. वर-खाली करून बघितलं. आईचा एकही नव्हता. तो तसाच फोन हातात धरून उभा राहिला. आपण आईचा आवाज शेवटचा कधी ऐकला, हे त्याला आठवून बघावंसं वाटलं, आणि तेही आठवेना. बाईला दया आली. तिनं आपलं स्टूल पुढं सरकवलं. "बसा जरा. आजचा दिवसच तसला हाय. मघापासून एक लेकरू बी हरवलंय."

"कुणाचं?"

"काय की. त्याची माय लई काळजीत हाय म्हणं. निळ्या चौकटीचा शर्ट हाय पोराच्या अंगात. समदे बघून राहिलेत, तुमी बी जरा नजर ठेवा."

रत्नपाल मुळात भला माणूस. आपली आई हरवलेली असताना दुसऱ्या एका आईचं लेकरू हरवलंय हे त्याला बघवलं नाही. तो उठला. बाकांखाली वाकून बघितलं. रसवंतीच्या मागं बघितलं. मुतारीच्या दारात उभं राहून "बाळा" म्हणून हाक मारली. (आतून एका मोठ्या माणसानं शिवी दिली.) रसवंतीवाला तरुणही आपलं काम सोडून त्याच्याबरोबर शोधायला लागला. "लहान असंल तर भुकेलं बी असंल," असं म्हणत त्यानं बिस्किटाचा एक पुडा बाजूला काढून ठेवला.

लेकरू काही सापडलं नाही. मग रत्नपालला आपलं काम आठवलं आणि तो चौकशीच्या खिडकीवर गेला.

"माझी आई हरवली," तो आतल्या कारकुनाला म्हणाला. "स्पीकरवर तेवढं सांगता का?"

"नाव?"

"पद्माबाई पाईकराव."

कारकुनाचा हात थांबला. "आन् तुमचं?"

"रत्नपाल."

कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला. त्यानं आधी रत्नपालचा शर्ट बघितला. मग उठून, खिडकीतून वाकून, पाय बघितले. "निळ्या चौकटीचा शर्ट, वरून दुसऱ्या गुंडीला काळा दोरा, डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला," तो म्हणाला. "साहेब, तुमी हरवलेले हाय. मघापासून चारदा पुकारलं तुमाला."

रत्नपालनं मान खाली घालून दुसरी गुंडी बघितली. दोरा काळा होता. हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं.

"बाई आल्या आन् म्हणल्या, माझा मुलगा येतो म्हणला, आजून आला न्हाई, हरवला का काय," कारकून सांगू लागला. "मी वय विचारलं, तर म्हणल्या, वय काहून पाहिजे, मी वळखते की त्याला. मग आमी मुलगा म्हणूनच पुकारलं. त्या तिकडं बसल्यात बघा."

खिडकीपासून पलीकडच्या खांबामागं हळदीचं एक पोतं होतं आणि पोत्यावर, खांबाला टेकून, कानांवर दोन वाट्या लावून पद्माबाई बसली होती. साडी पिवळी होती. रत्नपाल त्या खांबाच्या अलीकडून निदान सहा वेळा गेला असेल.

तो समोर जाऊन उभा राहिला. पद्माबाईनं एका कानावरची वाटी बाजूला केली. "आला का? मिरामावशीनं वारंग्याहून गाडीत हळद टाकून दिली, मी उतरून घेते, तू दुपारला येऊन पोतं उचल, आसं सांगितलं व्हतं सकाळी. बराबर हाय म्हणला ना तू?"

"म्हणलो," रत्नपाल म्हणाला. "पण मी फोन केला तर तू कट काहून करत होती?"

"सिरीयल बंद पडायली ना फोन आला की. लाल बटन दाबलं की पुना चालू व्हते, ऐश्वर्यानं शिकवलंय. मला वाटलं, निघालो म्हणून सांगायला केला आसशील. सांगायचं काय त्याच्यात, यायचं आपलं."

रत्नपालनं दुसऱ्या कानातली बोंडीही काढली. तो म्हणाला, "बराबर हाय," आणि या खेपेला ते खरंच ऐकून म्हटलं होतं. मग त्यानं शीतलला फोन करून सांगितलं, मामाला खिशातून बाहेर काढून सांगितलं, आणि पोतं खांद्यावर घेतलं. पद्माबाईनं कानांवरच्या वाट्या काढून पिशवीत टाकल्या.

तेवढ्यात स्पीकर खरखरला. कारकून कामाचा पक्का होता.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. हरवलेला मुलगा रत्नपाल सापडलेला असून त्याला आईच्या ताब्यात देण्यात आलेले आहे. सर्वांनी सहकार्य केले, आभारी आहोत. पालकांना विनंती, गर्दीत आपापल्या मुलांचा हात सोडू नये."

सगळा स्टँड लेकरू बघायला वळला. पद्माबाईनं सूचना नीट ऐकून घेतली, तिला ती पटली, आणि तिनं पोरगा निघून जाऊ नये म्हणून त्याचं मनगट धरलं. एका खांद्यावर पोतं, एक हात आईच्या मुठीत, अशा थाटात रत्नपाल गर्दीतून निघाला. संत्रीवाल्या बाईनं तोंडाला पदर लावला.

रसवंतीपाशी तो तरुण बिस्किटाचा पुडा हातात घेऊन उभा होता. त्यानं पुडा पुढं केला, रत्नपालकडं नीट बघितलं, आणि पुढं केलेला हात आता मागं कसा घ्यावा हे त्याला सुचेना. रत्नपाल नको म्हणणार होता.

"घे," पद्माबाई म्हणाली. "काका देऊन राहिलेत ना."

काका त्याच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान होते. रत्नपालनं पुडा घेतला आणि काकांना थँक्यू म्हटलं.