गोळाभाताचे क्वालिटी सर्कल

हिंदी मुलखातल्या एका पोलादनगरीत, नेहरू नगरात, तुळसाबाईंनी गोळाभाताचे दुकान उघडले, तेव्हा त्यांची इच्छा एवढीच होती, की आईकडून आलेली चव आपल्याबरोबर संपू नये. वाटल्या डाळीचे गोळे भातात वाफवायचे आणि वरून फोडणीचे तेल घालायचे. यात धोरणाला कुठे जागा असेल, असे त्यांना वाटले नव्हते.

परंतु यजमान गुलाबराव पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले होते. कारखान्यातले क्वालिटी सर्कल, म्हणजे दर्जा सुधारण्यासाठी भरणारी कामगारांची बैठक, त्यांच्यातून निवृत्त झाले नव्हते. स्वयंपाकघरात बैठक भरली. कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे आधी सुरक्षेची शपथ झाली. अध्यक्ष गुलाबराव, सल्लागार मुलगा राहुल. तुळसाबाईंची नोंद ‘अंतर्गत बलस्थान’ अशी करण्यात आली.

“आई, तुही स्ट्रेंथ ठीक आहे, पर मार्केट की डिमांड भी तो देख,” राहुल म्हणाला. “कोचिंगवाले पोट्टे अर्धा तास थांबत नाहीत.”

“भात शिजाले वेळ लागते, बापा.”

“प्लांटात रूळ ऑर्डरपरमानं कापतेत,” गुलाबराव गरजले. “मंग तुहा गोळा कावून नाही बदलत?”

समतोल साधणे सुरू झाले. वजनाच्या काळजीवाल्यांसाठी भात काढला. पोट फुगणाऱ्यांसाठी डाळ काढली. ठसका लागणाऱ्यांसाठी फोडणी काढली. उरली केवळ वाफ; आणि वाफेवर काय ठेवावे, याविषयी बाजाराचे मत स्पष्ट होते. मोमो.

दुकान भरभराटले. मग बलस्थान वाया जाऊ नये म्हणून तुळसाबाईंना नऊवारी नेसवून विझलेल्या चुलीपुढे बसवण्यात आले. जन्मभर त्या पाचवारी नेसल्या होत्या. मागच्या भिंतीवर पाटी लागली: ‘आजीच्या हातची चव’.

“मले काही करू तं दे,” त्या म्हणाल्या.

“तू काहीच नको करू. वही तो खासियत है!”

एका रविवारी नागपूरकडचे कुटुंब आले. त्यातल्या बाई गहिवरल्या. “आजी, आपलं खाणं तुमी जपून राहिल्या! नाही तं आता गोळाभात कोण करते?”

तुळसाबाई उठल्याच. कितीतरी दिवसांनी त्यांच्या हातांना काम आठवले. “बसा माय, आत्ता टाकते. अर्धा तास फक्त.”

बाईंनी घड्याळ पाहिले. “अर्धा तास? मंग... दोन प्लेट मोमोच द्या.”

निघताना त्यांनी फोटो मागितला. तुळसाबाई पुन्हा चुलीपुढे बसल्या आणि रिकामा झारा नीट धरला. फोटोखाली ओळ पडली: ‘आपली चव, आपली माणसं.’

तो फोटो आपल्यापर्यंतही आला होता, वाचकहो. आपले डोळे पाणावले. आपण लगेच लाल बदाम पाठवला, डाव्या हाताने. उजव्याला मोमोची चटणी लागली होती.