लाल टोपीच्या मागे सासूबाई

नैरोबी दाखवावी तर मीच! अकरा वर्षं सफारीची गाडी चालवतोय. जर्मन झाले, जपानी झाले, सिंह बघायला नेण्याआधी सगळ्यांना अर्ध्या दिवसात शहर फिरवून आणलं. एकही हरवला नाही. म्हणून बुंगोमाहून सासूबाई पहिल्यांदाच आल्या, तेव्हा मी बायकोला म्हटलं, "नेकेसा, तू निवांत ड्यूटीवर जा."

"सिमियू, नीट ऐक. आईला शहर आवडलं तरच नाफुला इथे नर्सिंगला येणार. नाहीतर माझी बहीण गावातच राहील. आईच्या मते नैरोबीत चोर सोडून कुणी राहतच नाही. आणि हो, तिची पर्स तुझ्याच खिशात ठेव."

दुसऱ्या दिवशी सासूबाई चर्चच्या बायकांबरोबर माझ्याच गाडीतून मसाई माराला निघणार होत्या. म्हणजे माझ्या हातात एकच सकाळ.

अडचण अशी, की आम्हा बुकुसू जमातीत जावई सासूच्या तोंडाकडे बघत नाही. हात मिळवणं, शेजारी बसणं, नावाने हाक मारणं तर लांबच. मी तोडगा काढला. मी लाल टोपी घालून दहा पावलं पुढे चालायचं, सासूबाईंनी टोपीवर नजर ठेवून मागून यायचं. टोपीकडे बघितलेलं चालतं!

"ही संसद!" मी आभाळाकडे बघून ओरडायचो. मागून "हं" यायचं.

टॉम म्बोया रस्त्यावर मिनीबसच्या भोंग्यांपुढे "हं" ऐकू येईना. मागे वळायची सोय नाही. तेवढ्यात गाड्यांमध्ये जरा फट दिसली आणि मी सवयीने पळत रस्ता ओलांडला.

"धरा! त्या लाल टोपीला धरा!" मागून सासूबाईंचा आवाज आला. नाव कसं घेणार बिचाऱ्या!

क्षणात माझी कॉलर कंडक्टरच्या मुठीत आणि दंड केळीवालीच्या हातात.

"काय चोरलंस रे आजीचं?"

"काही नाही हो! सासूबाई आहेत माझ्या!"

"हो का? मग बघ तिच्या तोंडाकडे आणि सांग!"

"नाही बघता येत!"

"बघा, नजर मिळवत नाही! झडती घ्या!"

खिशातून फुलाफुलांची बायकी पर्स निघाली. संपलंच!

"आजी, हा तुमचा जावई?"

सासूबाईंनी अंगावरचं लेसोचं कापड तोंडावर ओढलं आणि पाठ फिरवली.

"म्हातारीला किती घाबरवलंय मेल्याने!"

शेवटी बूटपॉलिशवाला उठला. "थांबा रे! हा तिच्याकडे बघत नाही, ती याला पाठ दाखवते. आमच्याकडचेच आहेत. खरा जावई आहे, सोडा!"

सोडलं. शर्टाची दोन बटणं मात्र गेली.

संध्याकाळी मी मान खाली घालून बसलो होतो. नाफुलाचं नर्सिंग माझ्यामुळे बुडालं, याचं खरंच वाईट वाटत होतं. सासूबाई उतरल्या होत्या त्या मावशीकडून नेकेसा हसत हसत आली.

"आई म्हणते, एक हाक मारली तर चाळीस माणसं धावली! गावात चोरांनी आमची गाय नेली तेव्हा कुणी दारसुद्धा उघडलं नव्हतं. पोरीला खुशाल पाठवते!"

सकाळी गाडीत बायका बसल्या. सासूबाई अर्थातच शेवटच्या सीटवर. कुणीतरी विचारलं, "काय गं, शहर कसं वाटलं?"

"चांगलं आहे. माझ्यासमोर चोर पकडला."

"अगं बाई! दिसायला कसा होता?"

"तोंड कुठे बघितलं मी!" सासूबाई म्हणाल्या.

मी आरसा वरच्या बाजूला फिरवला आणि गाडी सुरू केली.