कृष्णातनं सोडलं

कृष्णातनं फुटबॉल कधी सोडावा, या एका प्रश्नावर मीनाबाईच्या घरातली साखर तीन वर्षं संपत होती.

कृष्णात म्हणजे तिचा नवरा आणि चाफेगल्ली तालमीच्या फुटबॉल संघाचा सेंटर हाफ. ऐन उमेदीत त्यानं मैदानाच्या मधनं मारलेला पास पुढच्या गड्याच्या पायात असा पडायचा, की हातानं नेऊन ठेवला असावा. शाहू स्टेडियमवर तालमीनं उचललेले निम्मे करंडक त्याच्या डोक्यानं आणि पायानं आलेले. पण आता चाळिशी उलटली होती. पास अजून तसाच पडायचा, फक्त कृष्णात स्वतः पडला की उठायला वेळ लागायचा. पूर्वी तो चेंडूकडं धावायचा. आता चेंडूनं आपल्याकडं यावं अशी त्याची अपेक्षा असायची, आणि नाही आला तर कमरेवर हात ठेवून तो चेंडूकडं रागानं बघत उभा राहायचा.

यावरून गल्लीत दोन तट पडले होते. एकाचं म्हणणं, नाव आहे तोवर थांबावं, नाहीतर उद्या पोरं हसतील. दुसऱ्याचं म्हणणं, हसणाऱ्या पोरांत त्याच्यासारखं मैदान वाचणारा एक तरी दाखवा. हे दोन्ही तट संध्याकाळी मीनाबाईच्याच सोप्यात येऊन बसत, कारण ज्याच्यावर वाद चालायचा तो तिथंच गुडघ्याला तेल लावून बसलेला असे. त्याच्या तोंडावर "सोड" म्हणायची कुणाची छाती नव्हती. मग उदाहरणं निघत. अमका पैलवान कसा वेळेत थांबला, तमका कसा थांबला नाही आणि शेवटी कुणाकडनं चीत झाला. कृष्णात मन लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "चुकलंच त्याचं." जसा काही विषय दुसऱ्याच कुणाचा होता. तालमीचा अध्यक्ष आकाराम तर रोज "आज बोलतोच" असं ठरवून यायचा आणि चहा पिऊन जायचा.

मीनाबाईला या बाबतीत कुणी काही विचारत नव्हतं. तिनंही नवऱ्याला कधी खेळा म्हटलं नव्हतं की सोडा म्हटलं नव्हतं. ती चहा टाकायची, कप विसळायची आणि मनातल्या मनात सगळ्यांच्या नावानं बोटं मोडायची.

भानगड झाली ती दुधावरनं. महिनाभर कृष्णातचं पोट बिघडलेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, दूध बंद करा, या वयात पचत नाही. कृष्णातला हे डॉक्टरांनी शिवी दिल्यासारखं लागलं. पहाटे दूधकट्ट्यावर उभं राहून म्हशीच्या धारेखाली तांब्या धरणारा माणूस तो. कोल्हापुरात राहायचं, तालमीचं नाव लावायचं आणि दूध पचत नाही म्हणून सांगायचं, हे त्याला मेल्याहून मेल्यासारखं वाटलं. त्यानं दूध सोडलं, पण मीनाबाईला बजावलं, "ह्यातला एक शब्द भाईर गेला न्हाय पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गडमुडशिंगीचा पिराजी नेहमीप्रमाणं दूध घालायला आला. किटलीत माप ओतता ओतता त्यानं विचारलं, "मालक दिसंनात, ग्राउंडवर गेलं काय?"

मीनाबाईच्या डोक्यात दूध होतं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ती हळू आवाजात म्हणाली, "न्हाय वो. त्यांनी सोडलं आता. वय झालं, झेपंना त्यास्नी. उद्यापास्नं लिटरभर कमी घाला. आणि कुठं बोलू नका."

पिराजीच्या हातातलं माप तसंच राहिलं. ग्राउंडबद्दल विचारलं आणि सोडलं म्हणून उत्तर आलं, त्याला दुसरं काय समजायचं? खेळ नाही तर खुराक कशाला, म्हणून दूध कमी, हेही त्याच्या हिशेबात चोख बसलं. त्यानं जड चेहऱ्यानं गाडीला किक मारली आणि पुढच्या प्रत्येक दारात दुधाबरोबर ही बातमी घातली. कुठं बोलू नका, हेही तो प्रत्येक दारात आठवणीनं सांगत गेला.

तासाभरात आकाराम दारात हजर झाला. त्यानं मीनाबाईला वाकून नमस्कार केला. ती दोन पावलं मागं सरकली.

"वैनी," तो म्हणाला, "आमच्या आख्ख्या कमिटीला तीन वर्सांत जमलं न्हाय, ते तुम्ही एका रात्रीत केलासा."

"मी काय केलं?"

"तोच तुमचा मोठेपणा," असं म्हणून तो सत्काराच्या तयारीला निघूनही गेला.

मीनाबाई उंबऱ्यातच विचार करत राहिली. काय झालं ते तिला पिराजीचं नाव कानावर आल्यावर कळलं, आणि कळल्यावर तिनं कपाळाला हात लावला. तोवर दुसरा तट आला होता. ही मंडळी मयताला आल्यासारखी खाली मान घालून सोप्यात बसली. निदान हा सीझन तरी खेळू द्यायचा होता, असं त्यांचं म्हणणं होतं. बायकांनी संसार बघावा, तालमीच्या कारभारात पडू नये, असंही एकानं भिंतीकडं बघत सुचवलं. मीनाबाई सांगून थकली की तसं काही नाही, ऐकण्यात चूक झाली. मग काय सोडलं, असं कुणी विचारलं की मात्र तिला गप्प बसावं लागे. शब्द दिला होता ना. आणि ती गप्प बसली की सगळे एकमेकांकडं बघून समजल्यासारखी मान हलवत.

कृष्णात या वेळी इचलकरंजीला सूतगिरणीत पहिल्या पाळीला होता. मीनाबाईनं तिथं फोन लावून बघितला. तो खात्यात आहे, निरोप देतो, म्हणून कुणीतरी फोन ठेवला. दुपारी लोकल केबलवर खालच्या पट्टीत त्याची निवृत्ती सरकायला लागली. आणि चार वाजायच्या आत गल्लीच्या तोंडाला माणसापेक्षा उंच डिजिटल बोर्ड उभा राहिला. वर कृष्णातचा जुना फोटो, खाली मोठ्या अक्षरात "एका पर्वाचा अस्त" आणि त्याखाली "चाफेगल्ली पोरकी झाली". एवढ्यानं भागलं नाही, म्हणून कुणा उत्साही कार्यकर्त्यानं फोटोला झेंडूचा हार घातला.

कृष्णातची आत्या धोंडुबाई मुरगूडला असायची. त्या दिवशी ती डोळे दाखवायला कोल्हापुरात आली होती. डोळ्यांत औषध घातल्यामुळं तिला बारीक काही दिसत नव्हतं, पण भाच्याचा एवढा मोठा फोटो आणि त्यावरचा हार दिसला. रिक्षातनं उतरून तिनं कोपऱ्यावरच हंबरडा फोडला, आणि ती मीनाबाईच्या गळ्यात पडेपर्यंत गल्लीतल्या दहा-बारा बाया तिच्यामागं रडत आल्या. त्यांतल्या निम्म्यांना सकाळची बातमी ठाऊक होती, तरी म्हातारी एवढी रडते म्हटल्यावर त्यांनाही भरून आलं.

"आत्या, ते धडधाकट हायत," मीनाबाई तिला गदागदा हलवत म्हणाली. "कामावर गेल्यात."

"मग हार कशाला घातलाय गं?"

तेवढ्यात कृष्णात लुनावरनं मागच्या बोळातनं आला, त्यामुळं बोर्ड त्याला दिसलाच नव्हता. दारात गर्दी, आत रडणं, आणि मुरगूडची आत्या. त्यानं गाडी तशीच भिंतीला टेकवली, पायातल्या चपला काढल्या आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"तुम्हीच," मीनाबाई म्हणाली.

आत्याची खात्री पटेपर्यंत कृष्णातला तिच्या हाताखाली बसवून, मग मीनाबाईनं त्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि सकाळपासूनचं सगळं सांगितलं. कृष्णातचा चेहरा लाल होत गेला. न विचारता आपल्याला मैदानातनं काढलं, बोर्ड लावला, पोरकं काय झालं, अस्त काय झाला. गुडघ्यात जीव असता तर त्यानं तो बोर्ड लाथेनं पाडला असता. तो ताडताड बाहेर गेला. दारात आकाराम होता, पिराजी होता, दोन्ही तट होते, तालमीची नवी पोरं होती.

"ऐका," कृष्णात म्हणाला. "मी काय बी सोडलेलं न्हाय."

गर्दी चुळबुळली. आकारामचा चेहरा उतरला. पिराजीला मात्र हे लागलं. आजवर त्यानं दुधात पाणी घातलं असेल, पण बातमीत घातलं नव्हतं. तो पुढं आला.

"मालक, वैनी माझ्याजवळ स्वता बोलल्यात. सोडलं म्हणाल्या, वय झालं म्हणाल्या, झेपंना म्हणाल्या. मग सोडलासा तरी काय?"

सगळे कृष्णातकडं बघायला लागले. कृष्णातनं त्या पोरांकडं बघितलं, आकारामकडं बघितलं, मग आत दाराआड उभ्या असलेल्या बायकोकडं बघितलं. दूध, हा एक शब्द उच्चारला असता तर सगळं मिटलं असतं. कृष्णातचे ओठ हललेही.

"फुटबॉल," तो म्हणाला.

मीनाबाईनं दाराची चौकट धरली. बाहेर हलगी सुरू झाली होती.

रात्री जेवताना तिनं विचारलं की हा काय वेडेपणा. तो शांतपणे म्हणाला की फुटबॉल सगळेच सोडतात, त्यात कमीपणा नाही. आणि गंमत अशी, की दोन-चार दिवसांत कृष्णातला ते मानवायला लागलं. आजवर त्याचं कौतुक व्हायचं ते "पण" लावून. काय खेळायचा, पण आता. तो "पण" एकदम गळाला. पलीकडच्या पेठेतली माणसं, ज्यांनी वीस वर्षं त्याला शिव्या घातल्या, ती घरी येऊन असा हाफ पुन्हा होणार नाही म्हणून गेली. पहाटे उठायचं नव्हतं, गुडघा आखडत नव्हता. कृष्णात गालांनी भरायला लागला.

पुढच्या रविवारी निरोपाचा सामना ठेवला. तालमीचा संघ एका बाजूला आणि शहरातले निवडक खेळाडू दुसऱ्या. आकाराम बोलावणं घेऊन आला, वैनींनी यायलाच पाहिजे, पुढच्या रांगेत खुर्ची आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मीनाबाई स्टेडियमवर कधी गेली नव्हती. बायका जात नव्हत्या. सामन्याच्या दिवशी तिचं काम पाणी तापत ठेवायचं. आता इरकली नेसून ती खुर्चीत बसली, आणि एकदाचं संपतंय या समाधानानं इकडं तिकडं बघू लागली.

कृष्णात मैदानाच्या मधोमध उभा होता. पळत जवळपास नव्हताच. पण चेंडू त्याच्याकडं आला की तिला काहीतरी वेगळं दिसायचं. तो मान वर करायचा, एक हात हलवायचा, आणि त्या हातासरशी लांबवरची पोरं धावायला लागायची. घरात ज्याला समोरच्या खुंटीवरचा टॉवेल दिसत नाही तो हा माणूस, इथं पाठीमागं कोण उभा आहे तेही न वळता ओळखत होता. उत्तरार्धात त्यानं तिघांच्या डोक्यावरनं एक चेंडू असा उचलून टाकला, की तो पलीकडच्या कोपऱ्यात धावत्या पोराच्या पायात अलगद बसला. गोल झाला. आख्खं स्टेडियम उठलं. मीनाबाई उठली तेव्हा मांडीवरचा सत्काराचा नारळ घरंगळत आकारामच्या पायावर गेला, तो तिला दिसलाही नाही.

संध्याकाळी कृष्णात हार-तुरे उतरवून खाटेवर पसरला. शेवट गोड झाला, तो म्हणाला. आता रविवारी पन्हाळ्याला जाऊ, म्हणाला. सोपा रिकामा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिथं वाद घालायला कुणी आलं नव्हतं. मीनाबाई हार खुंटीला अडकवत होती.

"अवो," ती म्हणाली, "आणखी एक सीझन काढला असता तर?"

कृष्णात उठून बसला.

"आता तू सुरू करू नगंस," तो म्हणाला. "तुला काय कळतंय फुटबॉलातलं?"

"तेच म्हणते," मीनाबाई म्हणाली. "आज कुठं कळाय लागलंय. एवढ्यात बंद करू नका."